जुनं ग्राफिक्स कार्ड: आत्ता बदलायचं की अजून एक उन्हाळा काढायचा?

जीटीएक्स १०६० हे कार्ड जुलै २०१६ मध्ये बाजारात आलं. अजूनही ते कितीतरी घरांत चालू आहे आणि त्याच्या मालकांच्या कानावर सध्या दोन उलट्या बातम्या येताहेत. पहिली अशी, की ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवू देणारे प्रोग्रॅम, देणं बंद केलं. त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चा नियमित सपोर्टही संपला. दुसरी बातमी रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या कामाच्या मेमरीच्या, भावाची. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम दुपटीहून महाग झाली आणि ग्राफिक्स कार्डावरची मेमरी त्याच कंपन्या बनवतात. एक बातमी म्हणते बदला, दुसरी म्हणते दुकानाकडे फिरकू नका.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, पण तुमच्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये काय अडलंय हे त्यातली एकही सांगत नाही. कार्ड किती जुनं झालं यावरून निर्णय घेतला तर बहुतेक वेळा पैसे चुकीच्या जागी जातात. नेमकं अडतंय कुठे हे मोजलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. कधीकधी तर तो २०० रुपयांच्या पेस्टमध्ये सुटतो.

कार्ड करतं काय

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, हा कारखान्यातल्या चार-सहा हुशार जॉबरांसारखा, म्हणजे मागांवरच्या मुकादमांसारखा. कुठलंही अवघड काम द्या, विचार करून करतील. पण माणसं मोजकी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शेडमधले हजारो माग. प्रत्येकाला एकच साधं, ठरावीक काम, पण सगळे एकदम चालतात. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबीवाल्या कार्डात असे १२८० छोटे माग आहेत, आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२.

मागाजवळ हाताशी ठेवलेलं सूत म्हणजे व्हीरॅम, कार्डावरचीच मेमरी. चित्रांचे तुकडे, पोत, सावल्या सगळं तिथे असतं. ते भरलं की उरलेलं सूत गोदामातून, म्हणजे संगणकाच्या साध्या रॅममधून, आणावं लागतं. गोदाम ते शेड हा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. माग कितीही वेगवान असला तरी सूत येईपर्यंत तो उभाच राहतो. खेळताना चित्र क्षणभर अडकून पुढे उडी मारतं, ते बऱ्याचदा याच कारणाने.

अर्ध्या तासाची तपासणी

एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. त्यात पाच आकडे पडद्यावर दिसतील असं लावा: कार्डाचा वापर टक्क्यांत, व्हीरॅम किती भरली, तापमान, कार्डाचा क्लॉक (चिप चालते तो वेग) आणि सीपीयूच्या प्रत्येक कोअरचा (वर म्हटलेल्या एकेका जॉबरचा) वापर. फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीला बांधणारी सेटिंग) बंद करा. नाहीतर ६० फ्रेमला अडवलेलं कार्ड निवांत बसलेलं दिसेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. मग तुम्हाला खरोखर त्रास देणारा खेळ, त्यातला सगळ्यात जड भाग, सलग २० मिनिटं खेळा.

कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के, तापमान ठीक आणि तरी फ्रेम कमी, तर दोष खरंच कार्डाचा. नवं घेतलं की फरक पडेल.

कार्ड ५०-७० टक्क्यांवर घुटमळतंय आणि सीपीयूचे एक-दोन कोअर ९५ च्या वर, तर जॉबरच कमी पडताहेत; मागांना काम सांगायलाच कोणी नाही. खात्री करायला रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. कार्डावरचं ओझं निम्म्याहून कमी होतं. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर नवं कार्ड घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चार कोअर आणि चारच थ्रेडवाल्या, म्हणजे एका वेळी चारच कामं हाताळणाऱ्या, इंटेलच्या जुन्या आय५ वर हे फार दिसतं. ८ जीबीची एकच रॅमकांडी लावलेली असेल तर तिचाही यात वाटा असतो, कारण दोन कांड्या लावल्यावर मिळणारी दुहेरी वाट तिथे नसते.

सरासरी फ्रेम चांगल्या, पण मध्येच झटके, आणि व्हीरॅम काठोकाठ भरलेली? टेक्स्चरची, म्हणजे पोताची, सेटिंग एक पायरी खाली आणून बघा. झटके गेले तर अडचण मागांच्या वेगाची नाही, सुताच्या जागेची आहे. हा फरक पुढे खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडतो.

आणि पहिली दहा मिनिटं सगळं झकास, नंतर क्लॉक हळूहळू घसरत जातोय, पंखा विमानासारखा ओरडतोय? मग आधी स्क्रू ड्रायव्हर शोधा, पाकीट नंतर.

४२ अंशांत कार्डाचं काय होतं

कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, २५ अंशांच्या खोलीत ७० वर थांबणारं कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत साधारण ८५ वर जाईल. जीटीएक्स १००० मालिकेची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करायला लागतात. म्हणजे तेच कार्ड, तोच खेळ, पण सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी ते खरोखर हळू चालतं. आणि नेमकं तेव्हाच ‘कार्ड म्हातारं झालं’ असं वाटतं. मे महिन्यात घेतलेला हा निर्णय जुलैत पुन्हा एकदा तपासून बघण्यासारखा असतो.

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, किंवा एमआयडीसीजवळ घर असेल तर साध्या धुळीसोबत सुताचे बारीक तंतूही आत जातात. ते हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, खाली हवा बंद. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो वाटेल त्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

पाच-सहा वर्षं झालेल्या कार्डाची थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळून खडखडीत झालेली असते. ती बदलायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पेस्टची एक नळी आणि तासभर वेळ पुरतो. मागचे चार मुख्य स्क्रू सोडवा, हीटसिंक हलकेच पिळून सैल करा, ओढू नका. पंख्याची बारीक वायर खाली जोडलेली असते, ती आधी काढा. जुनी पेस्ट पुसा. सीपीयूवर धातूचं झाकण असतं, ग्राफिक्स चिप मात्र उघडी असते. म्हणून मध्ये एक ठिपका ठेवून नशिबावर सोडू नका, सगळ्या चिपवर पातळ थर पसरवा. एखादा कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच तापेल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत बसवा.

बिघडतं कुठे, तर थर्मल पॅडपाशी. मेमरी चिपांवरच्या या मऊ पट्ट्या फाटल्या तर बदलाव्या लागतात आणि त्यांची जाडी कार्डागणिक वेगळी असते, १ मिलिमीटर, दीड, २. अंदाजाने जाड पट्टी लावली की हीटसिंक चिपवर नीट टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. ‘पेस्ट बदलली आणि कार्ड बिघडलं’ ही तक्रार बहुतेक वेळा जाडीची असते. पॅड शाबूत असतील तर त्यांना हात लावू नका. वॉरंटी चालू असेल तर कार्ड उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

एवढंही नको असेल तर आफ्टरबर्नरमध्येच पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा, १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम साधारण ५ ते १० टक्के कमी होतात, उष्णता आणि आवाज मात्र चांगलाच उतरतो. उन्हाळ्यापुरता हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

ड्रायव्हर बंद झाले म्हणजे कार्ड मेलं?

नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. बंद झालंय ते नव्या खेळांसाठी त्याला दर काही आठवड्यांनी मिळणारं शिक्षण. सुरक्षेच्या त्रुटी भरणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला मिळत राहतील. आज चालणारे खेळ उद्याही चालतील. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ, ऑटोकॅडची साधी द्विमितीय रेखाटनं, ऑफिसचं काम यांना यातलं काही जाणवायचंही नाही.

इथे एक गोंधळ फार होतो. जीटीएक्स १६५० आणि १६६० या नावांत ‘जीटीएक्स’ असलं तरी ती २०१९ ची, पुढच्या पिढीची कार्डं आहेत. त्यांचे ड्रायव्हर चालू आहेत. कुणी ‘जीटीएक्स संपलं’ म्हणून घाबरवत असेल तर आधी कार्डाचा आकडा विचारा.

पण ड्रायव्हरपेक्षा कडक भिंत दुसरीच आहे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (डिसेंबर २०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (मे २०२५) हे खेळ रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असावी अशी अट घालतात. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशाचा किरण कुठे आदळून कुठे वळेल याचा हिशेब करून उजेड-सावली काढणं. ही सोय एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेत आणि तिची प्रतिस्पर्धी एएमडी हिच्या आरएक्स ६००० पासून पुढे आहे. जीटीएक्स १६६० चा ड्रायव्हर चालू, पण ही सोय त्यात नाही. तुम्हाला खेळायचे खेळ या यादीत असतील तर सेटिंग कमी करून भागणार नाही. नसतील तर ही भिंत तुमच्यासाठी अजून आलेलीच नाही.

‘थांबलं की स्वस्त होतं’ हा हिशेब कुठे चुकला

वर्षानुवर्षं सल्ला एकच होता: सहा महिने थांबा, तेच कार्ड कमी भावात मिळेल. हा सल्ला आधी एकदा जोरात आपटलाय. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामाने, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून आभासी चलन कमावण्याने, कार्डं गायब झाली, किमती दुप्पट झाल्या. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डं बाजारात लोटली. तेव्हा थांबणारे जिंकले, कारण मागणी एका झटक्यात संपणारी होती.

आत्ताचं कारण वेगळ्या जातीचं आहे. एआयची डेटा सेंटर एचबीएम नावाची खास मेमरी ओरपताहेत. ही मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच कारखान्यांत प्रामुख्याने बनते, म्हणजे जिथे आपली रॅम आणि कार्डावरची जीडीडीआर बनते तिथेच. सिलिकॉनच्या ज्या गोल चकतीवर या चिप छापतात तिला वेफर म्हणतात. तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला साध्या डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर लागतात, असं मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. कारखान्यातले माग तेवढेच. निर्यातीच्या टॉवेलची मोठी, चांगल्या भावाची ऑर्डर आली की मालक स्थानिक बाजारातल्या चादरीचे माग तिकडे वळवणारच. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा मेमरी कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात. म्हणून हा भाव एका झटक्यात उतरेल असं मानायला आधार दिसत नाही.

त्यात रुपया. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांवर गेला. आरटीएक्स ५०६० ची मे २०२५ मधली जाहीर किंमत २९९ डॉलर होती. ९० ने गुणा, १८ टक्के जीएसटी धरा: सुमारे ३१,७५० रुपये. वाहतूक आणि दुकानदाराचं मार्जिन वेगळं. हाच हिशेब ८५ रुपयांच्या डॉलरने केला तर सुमारे ३०,००० येतात. म्हणजे कार्ड तेच, जाहीर किंमत तीच आणि पावणेदोन हजार वाढले ते फक्त चलनाने.

याचा अर्थ धावत जाऊन घ्या असा नाही. वरच्या तपासणीत कार्डच अडतंय असं ठरलं असेल आणि तुमच्या बजेटमधलं कार्ड जाहीर किमतीच्या आसपास मिळत असेल, तर ‘अजून उतरेल’ या एकाच आशेवर थांबू नका, एवढाच.

‘पण नवी मालिका येतेयच ना?’

नवी मालिका कायमच येत असते. पण ती कशी येते ते बघा. आरटीएक्स ५० मालिकेची महागडी कार्डं जानेवारी २०२५ मध्ये आली, ५०६० टीआय एप्रिलमध्ये, ५०६० मे महिन्यात, ५०५० जुलैत. सोलापुरातला बहुसंख्य ग्राहक ज्या किमतीचं कार्ड घेतो ते दर पिढीत शेवटी येतं. पुढच्या पिढीची घोषणा झाली तरी त्या कार्डासाठी आणखी काही महिने थांबावं लागणार. अफवेतल्या कार्डासाठी आजचं काम खोळंबून ठेवणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं.

थांबण्याची चांगली कारणंही आहेत. तपासणीत सीपीयू अडतोय असं निघालं तर थांबा. मशीन इंटेलच्या सातव्या पिढीचं किंवा त्याहून जुनं असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. तिथे ३० हजारांचं कार्ड घालण्याऐवजी ते पैसे पुढच्या आख्ख्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले बरे. आणि तुम्ही खेळता ते खेळ मध्यम सेटिंगवर ६० फ्रेम देत असतील तर मुळात प्रश्नच काय आहे?

थांबायचं ठरलं तर एफएसआरचा उपयोग करून घ्या. खेळ कमी रिझोल्यूशनवर बनवून पडद्यावर मोठा करून दाखवायची ही एएमडीची पद्धत आहे. तिची दुसरी आवृत्ती जुन्या एनव्हिडिया कार्डांवरही चालते. ‘क्वालिटी’ वर ठेवा. १०८० च्या पडद्यावर ‘परफॉर्मन्स’ ला चित्र पिठूळ होतं. सावल्या आणि धुक्याची सेटिंग एकेक पायरी उतरवा, टेक्स्चर मात्र व्हीरॅम पुरत असेल तोवर तसंच राहू द्या, त्याने वेगावर फारसा फरक पडत नाही.

८ जीबी की १६?

आजच्या घडीला कार्ड घेताना मी सगळ्यात आधी मेमरी बघायला सांगेन, मालिकेचा आकडा नंतर. ८ जीबी १०८० च्या पडद्यावर चालतात, पण काही नव्या खेळांत टेक्स्चर कमी करावंच लागतं. कार्ड पाच-सहा वर्षं वापरायचं असेल, आणि आपल्याकडे ते वापरलंच जातं, तर १२ किंवा १६ जीबीला जास्त पैसे देणं पटण्यासारखं आहे. मागांचा वेग कमी पडला तर सेटिंग उतरवून भागतं; सुताची जागा कमी पडली तर झटके बसतात आणि मेमरी नंतर वाढवता येत नाही. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन रूपांत एकाच नावाने विकली जातात. खोक्यावर नाव बघून खूश होऊ नका, आकडा वाचा. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हटलं तरी वाचा.

इंटेलचं आर्क बी५८० (डिसेंबर २०२४, १२ जीबी, २४९ डॉलर) कागदावर फार आकर्षक आहे. पण जुन्या मशीनमध्ये ते घालू नका. त्याला रीसायझेबल बार ही बायॉसमधली (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) सोय चालू लागते, इंटेलच्या दहाव्या पिढीआधी ती अधिकृतपणे मिळत नाही, आणि जुन्या सीपीयूवर त्याचा वेग पडतो. नव्या मशीनमध्ये ते चांगलं.

नाकापेक्षा मोती जड

नवं कार्ड आणलं आणि मशीन सुरूच होईना, या प्रकारामागे बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, असतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. तो आकडा सोडा. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट, एवढीच खरी ताकद. आरटीएक्स ५०६० एकटं १४५ वॅट घेतं, सीपीयू ६५ ते १००, बाकी ३०-४०. गणित तिथेच फसतं. एनव्हिडिया ४०६० आणि ५०६० या दोन्हींसाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्या आणि त्याची किंमत कार्डाच्या बजेटमध्येच धरा. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून ७५, ८ पिनमधून १५०. एसएमपीएसला ८ पिनची वायर नसेल तर मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनी जोडणीचं, जुगाड करू नका. त्या बारीक वायरी आणि पिना वितळतात.

दुसरी गोष्ट अर्थिंग. चालू मशीनच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही. एचडीएमआयची वायर लावता-काढताना कार्डाचं पोर्ट जळण्याचं हे एक नेहमीचं कारण. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत ते फार आढळतं. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग कार्ड मागवा.

यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ५०६० आणि मध्यम सीपीयूवाली मशीन मॉनिटरसह त्यात कशीबशी बसते, मोठं कार्ड बसत नाही. खेळता खेळता लाईट गेली आणि यूपीएस किंचाळून बंद पडला तर तो खराब नाही, तुमचं ओझं जास्त आहे.

स्लॉटचा मुद्दा बारीक आहे पण फसवतो. आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ६६०० आणि ७६०० ही कार्डं पूर्ण १६ ऐवजी ८ पदरी रस्ता वापरतात. नव्या बोर्डावर फरक पडत नाही. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवाल्या जुन्या बोर्डावर व्हीरॅम भरेपर्यंत थोडाच पडतो. भरली की मात्र तोच अरुंद रस्ता तुंबतो. २०१२-१३ च्या बोर्डांवर तर यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायॉस, नसेल तर नव्या कार्डाचा डिस्प्लेच येत नाही. आणि टेपने मोजा: कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात.

खेळ नाही, काम असेल तर

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचं दुखणं बऱ्याचदा वेगळंच असतं. नवे कॅमेरे ४:२:२, १० बिट असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं, रेकॉर्डिंग करतात आणि जुन्या कार्डातला डीकोडर, म्हणजे दाबून ठेवलेला व्हिडिओ उलगडणारा भाग, ते वाचतच नाही. टाइमलाइन अडकते, पण कार्डाचा वापर १० टक्केही दिसत नाही. एनव्हिडियाने ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या सीपीयूतल्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेल्या ४:२:२ व्हिडिओसाठी ती आहे. म्हणजे ४०७० सारखं महाग जुनं कार्ड इथे हरतं आणि साधं ५०५० जिंकतं. तात्पुरता उपाय म्हणजे प्रॉक्सी: हलक्या प्रती बनवून त्यांवर एडिट करा.

चादरी-टॉवेलच्या जॅकार्ड डिझाईनचं काम मोजक्या रंगांच्या चौकोनांचं असतं. त्याला रॅम, एसएसडी आणि चांगला मॉनिटर हवा, महाग कार्ड नको. थ्री-डी किंवा एआय शिकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र जुनं कार्ड खरंच संपलं: कार्डाकडून अशी गणनेची कामं करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली म्हणजे कुडा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने १००० मालिका वगळली.

‘वीज वाचेल म्हणून तरी बदलू’ हा युक्तिवादही टिकत नाही. १०० वॅट कमी घेणारं कार्ड रोज ३ तास वापरलं तर वर्षाला सुमारे ११० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तरी ११०० रुपये. ३० हजार वसूल होईपर्यंत कार्डच जाईल.

सेकंडहँड घ्यावं का

बघून घेता येत असेल तर हो. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी कार्ड आणि आरएक्स ६६०० या दोन नावांभोवती शोधा. जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चालवा: आतली चिप आणि मेमरी तो खरी सांगतो, बनावट बायॉस ओळखून तसं लिहूनही दाखवतो. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ दिसलं तर ते नावाचं ५८०, आतून ५७० आहे. मग २० मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम. पडद्यावर ठिपके, रंगीत चौकोन, पट्टे दिसले किंवा पंखा घासला तर हात जोडा आणि निघा. खाणकामातलं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही, पण पंखे आणि मेमरीचे पॅड झिजलेले गृहीत धरून भाव करा. बिल मागा. वॉरंटी काही कंपन्या सीरियल क्रमांकावर देतात, काही बिलाशिवाय ऐकून घेत नाहीत.

नवं घेताना पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन हजार-पंधराशे वाचतात, पण बिघाड झाला की तोच प्रवास पुन्हा. शहरातल्या दुकानदाराला आधी विचारा, वॉरंटीसाठी कार्ड तो पाठवेल की तुम्ही. ‘मी पाठवतो’ असं उत्तर असेल तर त्या फरकातले थोडे पैसे त्याला खुशाल द्या. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना सीलपासून सीरियल क्रमांकापर्यंत एकसंध व्हिडिओ काढा.

कार्ड बदलायच्या दिवशी नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू हा प्रोग्रॅम चालवून जुना ड्रायव्हर पुसा, मशीन बंद करून वायर काढा, मग कार्ड बदला. डिस्प्लेची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. हे लिहायला हसू येतं, पण ‘नवं कार्ड चालत नाही’ च्या तक्रारींत ही चूक हमखास असते. पहिल्याच आठवड्यात, परत करायची मुदत आहे तोवर, भर दुपारी पंखा-एसी न लावता तासभर जड खेळ चालवून बघा.

आणि जुनं कार्ड लगेच विकू नका. तुमच्या सीपीयूच्या नावाशेवटी एफ अक्षर असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. नवं कार्ड वॉरंटीला गेलं की ते परत येईपर्यंत मशीन आंधळी. विकून जे काही मिळणार असेल त्यापेक्षा नव्या कार्डाच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेलं हे जुनं कार्ड त्या दिवसांत जास्त उपयोगी पडतं.